पातेल्यातला सण

परदेशी शिकायला जाणाऱ्यांची यादी एव्हाना सगळ्यांना पाठ झालीय. कागदपत्रांच्या झेरॉक्स, थर्मल, मेतकूट, लोणचं, गोळ्या-औषधं, कुकर. शेवटच्या रात्री वजनकाट्यावर बॅग चढवून आधी पुस्तकं बाहेर काढायची, मग एक जीन्स, आणि तरीही आईने कोपऱ्यात सरकवलेली चिवड्याची पिशवी मात्र आतच राहते. हे सगळं ठीक. पण तिकडे पोहोचल्यावर पहिल्या महिन्याभरात आपल्याला चक्क संसार मांडायचाय, हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. उशी, बादली, सुरी, पातेलं, कपडे वाळत घालायचा स्टँड. आणि बरोबर त्याच दिवसांत इकडे गणपती येऊन जातात, नवरात्र बसतं, दसरा होतो. तुम्ही ते सगळं फोनवर बघता, एका अजून रिकाम्या खोलीत बसून.

रिकामी खोली आणि हुकलेला सण या दोन्हींवरचा उपाय कधीकधी एकाच दिवशी, एकाच भांड्यात सापडतो. त्यासाठी आज एका गावात जाऊया. गाव आहे नेदरलँड्समधलं लायडन. आम्सटरडॅम आणि द हेग यांच्या मधलं, कालव्यांचं, सायकलींचं आणि त्या देशातल्या सगळ्यात जुन्या विद्यापीठाचं गाव. तारीख २ ऑक्टोबर. आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी. २०२५ साली तर दसराही याच दिवशी आला होता. लायडनमध्ये हा कामाचा दिवस, पण दुपारनंतर कोणाचंच लक्ष कामात नसतं. का, ते पुढे कळेलच.

समजा, तुम्ही तिथे ऑगस्टच्या शेवटी उतरलायत.

लोहचुंबक घेऊन बाजारात

सगळ्यात आधी खोलीबद्दल. तिकडे घर भाड्याने मिळतं तीन प्रकारांत. ‘फर्निचरसकट’ म्हणजे पलंग-टेबल-खुर्ची आहे. ‘अर्धं सजवलेलं’ म्हणजे जमीन आणि पडदे आहेत, बाकी तुमचं तुम्ही बघा. आणि ‘उघडं’ म्हणजे खरोखरच उघडं. जमिनीवरचं आवरणसुद्धा नाही, आधीचा भाडेकरू जाताना उचलून घेऊन गेलेला असू शकतो! विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा पहिला प्रकार मिळतो, पण त्यातही भांडी, चादरी, उशा असतीलच असं नाही. त्यामुळे जाहिरातीतला हा एक शब्द नीट वाचून घ्या. त्याच्यावर तुमचं पहिल्या महिन्याचं बजेट ठरतं.

मग स्वयंपाकघर. इथे आपल्याकडच्या मुलामुलींचा पहिला पचका होतो. घरून कौतुकाने नेलेली अॅल्युमिनियमची कढई शेगडीवर ठेवायची आणि शेगडीने नुसतं बीप करायचं. कारण शेगडी इंडक्शनची. ती भांड्याच्या तळातल्या लोखंडावर चालते, साध्या अॅल्युमिनियमला ओळखतच नाही. याची परीक्षा एकदम सोपी आहे. फ्रिजवर लावायचं लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल, घसरून पडलं तर नाही. कुकर नेणार असाल तर इथूनच इंडक्शनवर चालणारा बघून घ्या. आणि चुंबक खिशातच राहू द्या, तिकडे खरेदीलाही लागतं.

तर २ ऑक्टोबरला सकाळचं लेक्चर संपलं की तुम्ही पातेलं घ्यायला निघायचंय. महिनाभर एका उसन्या तव्यावर भागवलंत, आता पुरे. शिवाय दसऱ्याच्या आसपास नवी वस्तू घ्यायची तर आपल्याकडे मुहूर्त काढावा लागत नाही.

पहिला थांबा जुन्या वस्तूंचं दुकान. डच भाषेत त्याला ‘क्रिंगलोप’ म्हणतात. लोकांनी दिलेल्या वस्तू निवडून, लावून तिथे विकायला ठेवतात. कपबशा, दिवे, सायकली, सोफे, कोणाच्या तरी आजीचा चहाचा सेट. हे दुकान म्हणजे गरिबांचा बाजार अशी आपल्या मनात एक अढी असते. तिकडे मात्र प्राध्यापकसुद्धा आनंदाने टेबल निवडताना दिसतील. आपल्याकडे जुनं पातेलं भंगारवाल्याकडे जातं, तिकडे ते या दुकानात येतं, एवढाच फरक. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं दिसलं की खिशातलं चुंबक काढा. चिकटलं? घ्या.

इथे एक गोष्ट सगळ्यांची होते. वस्तू हातात घेतली की डोक्यात गुणाकार सुरू होतो. एका युरोचे शंभराच्या आसपास रुपये. म्हणजे हा चमचा शंभरचा? ही बादली पाचशेची? या हिशोबात काही जण महिना-महिना उशीच घेत नाहीत. जॅकेटची घडी करून डोक्याखाली घेतात आणि घरी सांगतात, सगळं मस्त चाललंय. असं करू नका. काटकसर जरूर करा, पण झोप आणि जेवण यांच्यावर पहिल्या महिन्यात घाला घातला की त्याची किंमत नोव्हेंबरात मोजावी लागते, जेव्हा दुपारी पाचलाच अंधार पडायला लागतो.

पैसे वाचवायच्या खऱ्या जागा वेगळ्या आहेत. पिशवी घरून न्या, दुकानात फुकट मिळत नाही. सुपरमार्केटच्या सवलतीच्या कार्डाची चौकशी पहिल्याच दिवशी करा. पाण्याच्या, सरबताच्या बाटल्या आणि डबे फेकू नका. छोट्या बाटलीवर आणि डब्यावर १५ सेंट, मोठ्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये टाकल्या की पावती बाहेर येते आणि तेवढे पैसे बिलातून वजा होतात. लहानपणी सोड्याची बाटली परत करून पैसे आणायचे, अगदी तसंच. ताजी भाजी आणि मासळीसाठी कालव्याकाठचा आठवडी बाजार. तो बुधवारी आणि शनिवारी भरतो.

आणि डाळ? त्यासाठी ‘टोको’ नावाचं दुकान शोधायचं. आशियाई किराणामालाचं. यातली बरीच दुकानं सुरिनामहून आलेल्या लोकांची आहेत, आणि त्या लोकांची गोष्ट आपल्याला माहीत असायलाच हवी. १८७३ साली ‘लल्ला रूख’ नावाचं जहाज कोलकात्याहून मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीत पोहोचलं. आजच्या उत्तर प्रदेश-बिहार पट्ट्यातली ही माणसं तिथल्या मळ्यांवर राबली. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झालं, त्या सुमारास त्यांच्यातली हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली. सगळ्यात जास्त द हेगमध्ये. लायडनहून रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवर. त्यांच्या दुकानात चवळीच्या लांब शेंगांना ‘कौसेबांट’ म्हणतात आणि कारल्याला ‘सोप्रोपो’. पण रोटीला रोटीच म्हणतात. दोन महासागर आणि दीडशे वर्षं ओलांडून हा शब्द काउंटरवर तुमची वाट बघत असतो. संसार उचलून दुसरीकडे मांडणारे आपण पहिले नाही, हे तिथे उभं राहिलं की जरा पटतं.

गाजरं एवढी का खपतायत?

आता चार वाजलेत. पातेलं सायकलच्या टोपलीत आहे. तुम्ही दूध-ब्रेड घ्यायला सुपरमार्केटमध्ये शिरता आणि बघता तर काय, जो तो गाजरं घेतोय. गाजर, कांदे, बटाटे. कापलेल्या गाजर-कांद्याची तयार पाकिटंसुद्धा ढिगाने लावलेली. तुमच्या मागे उभ्या असलेल्या आजोबांच्या टोपलीत तेच, पुढच्या मुलीच्या टोपलीतही तेच.

कारण उद्या ३ ऑक्टोबर. लायडनचा सण. उद्या गावातली बहुतेक दुकानं बंद, शाळा बंद, विद्यापीठाच्या लायडनमधल्या इमारतीही बंद. गंमत म्हणजे ही सुट्टी देशाची नाही, फक्त या गावाची. शेजारच्या शहरात लोक नेहमीसारखे कामावर जाणार. म्हणजे आपल्याकडे गावच्या जत्रेला गाव बंद असतं ना, तसं. ३ ऑक्टोबर रविवारी आला तर सण सोमवारी करतात. ही तारीख परदेशी विद्यार्थ्यांच्या लक्षात न येण्याचं कारणही हेच. देशाच्या सुट्ट्यांच्या यादीत ती नसतेच.

आणि गाजरांचं काय? तर या सणाच्या मध्यभागी आहे एक भांडं. तुमच्या टोपलीत आहे तसंच, स्वयंपाकाचं.

रिकाम्या छावणीतलं भांडं

गोष्ट १५७४ सालची. नेदरलँड्सवर स्पेनच्या राजाची सत्ता होती आणि डच प्रांतांनी बंड पुकारलं होतं. स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा घातला. आधी एकदा घालून उठवला होता, मे १५७४ मध्ये पुन्हा आवळला. गावात नाण्यांसाठी धातू पुरेना, तेव्हा प्रार्थनापुस्तकांची पानं एकावर एक दाबून कागदाची नाणी पाडली गेली. अन्न संपत आलं. भूक आणि रोगराईने हजारो माणसं गेली, गावाची साधारण एक तृतीयांश वस्ती संपली असं सांगतात. महापौर पीटर व्हान डर वेर्फ यांची एक आख्यायिका आजही सांगितली जाते. शरण जाऊया म्हणणाऱ्या भुकेल्या लोकांना ते म्हणाले, हवा तर माझा हात कापून खा, पण शहर देणार नाही.

सुटका आली ती पाण्यावरून. हा देश समुद्राला बांध घालून उभा राहिलेला. बंडाचा नेता, ऑरेंजचा राजपुत्र विल्यम, याच्या बाजूने ठरलं की ते बांध स्वतःच फोडायचे. स्वतःची शेतं बुडवायची आणि त्या पाण्यावरून सपाट बुडाच्या बोटी लायडनपर्यंत आणायच्या. पण आठवडे गेले तरी पाणी पुरेसं चढेना. शेवटी ऑक्टोबरच्या सुरुवातीला वादळ आलं, वारा फिरला, पाणी चढलं. २ ऑक्टोबरच्या रात्री गावाच्या तटबंदीचा एक भाग प्रचंड आवाज करत कोसळला. पाणी वाढतंय, अंधार आहे, हा आवाज कसला? वेढा घालणारे रातोरात निघून गेले.

पहाटे कॉर्नेलिस योपेन्सझोन नावाचा एक अनाथ मुलगा लामेन्स्खान्स या चौकीपर्यंत बघायला गेला. चौकी रिकामी. आणि तिथे मागे राहिलेलं एक भांडं, आत शिजवलेलं गाजर, कांदा, मांस आणि पार्सनिप नावाचं गाजरासारखंच कंद. महिनोन् महिने उपाशी असलेल्या गावाचं पहिलं गरम जेवण हे असं सापडलं, अशी लायडनची परंपरा सांगते. त्याच सकाळी बोटी आल्या. त्यात होती खारवलेली हेरिंग मासळी आणि पांढरा पाव.

म्हणून २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लायडनच्या घराघरांत ‘हुट्स्पॉट’ शिजतं. गाजर, कांदा, बटाटा उकडून घोटलेला. बटाटा नंतर आला. १५७४ मध्ये तो डच स्वयंपाकघरात रुळलेलाच नव्हता, दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा तो. आपल्या उपासाच्या थाळीतला बटाटाही तिथूनच आलेला आहे, पण आता त्याला पाहुणा म्हणायची कोणाची हिंमत आहे? कॉर्नेलिसला मिळालं असं मानलं जाणारं ते भांडं लायडनच्या लाकेनहाल संग्रहालयात ठेवलेलं आहे. एका शहराच्या स्वातंत्र्याची आठवण म्हणून तलवारीऐवजी पातेलं जपलंय, ही गोष्ट कोणत्याही वसतिगृहातल्या स्वयंपाक्याला आवडेल अशीच आहे.

आणि तुम्ही ज्या विद्यापीठात शिकायला गेलाय, तेसुद्धा याच वेढ्यातून जन्मलेलं. गावाने दाखवलेल्या धैर्याबद्दल विल्यमच्या पुढाकाराने ८ फेब्रुवारी १५७५ रोजी लायडन विद्यापीठ सुरू झालं. करमाफी हवी की विद्यापीठ, असं विचारल्यावर लोकांनी विद्यापीठ मागितलं, अशी दंतकथाही आहे. फीचा हप्ता भरताना आठवायला बरी आहे.

पावभाजीचा हात

आता घरी चला. सहाच्या सुमाराला तिकडे जेवायची वेळ होते, उशीर करू नका. सामाईक स्वयंपाकघरात कोणी ना कोणी हुट्स्पॉटच करत असेल. नसेल तर तुम्ही करा. चौघांना साधारण एक किलो बटाटे, तेवढीच किंवा थोडी कमी गाजरं, तीन-चार कांदे. सगळं चिरून नव्या पातेल्यात घालायचं, थोडं पाणी, मीठ. वीस-पंचवीस मिनिटं शिजवून पाणी निथळायचं, मग लोणी आणि दूध घालून घोटायचं. वर मिरपूड. डच लोक सोबत गोमांसाचा तुकडा घेतात, पण तो वेगळा शिजतो. त्यामुळे शाकाहारी मंडळींना पातेल्यातलं बिनधास्त खाता येतं. घोटणं ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पावभाजी करणाऱ्या हाताला मॅशर दिला की काम झालं.

चव? खरं सांगायचं तर सपक. गोडसर आणि सपक. पहिल्या घासाला हात लोणच्याच्या बरणीकडे जाईल. जाऊ द्या. मोहरी-मिरचीची फोडणी वाटीत वेगळी करून टेबलावर ठेवलीत तर बघा, अर्ध्या तासात ती वाटी टेबलभर फिरेल. मात्र आधी त्यांच्या पद्धतीचं चाखा, मग आपली फोडणी द्या. पाहुण्याने आल्या आल्या यजमानाच्या आमटीत मीठ घालू नये, हा नियम सगळ्या देशांत सारखाच असतो. जेवण झालं की सामानाचा खर्च माणशी वाटला जाईल आणि फोनवर पैसे मागणारी लिंक येईल. त्यात वाईट वाटून घेऊ नका. दोन युरोचीसुद्धा लिंक पाठवतात, हा तिथला रोखठोकपणा आहे, कंजूसपणा नाही.

याच वेळी कधीतरी घरून फोन येतो. तुमचे सहा म्हणजे इकडचे साडेनऊ. दसरा असेल तर आपट्याची पानं वाटून झालेली, श्रीखंड संपत आलेलं, सगळी भावंडं एका फ्रेममध्ये कोंबलेली. आई विचारते, ‘जेवलास का?’ किंवा ‘जेवलीस का?’ एरवी या प्रश्नाला आपण ‘हो’ म्हणून विषय बदलतो, कारण टोस्ट खाल्लाय हे सांगायचं नसतं. आज मात्र फोन पातेल्याकडे वळवता येतो. हे बघ, नवं घेतलंय. हे इथल्या सणाचं आहे. ही माझ्या घरातली माणसं. सहाजणांचा आवाज मागून येतोय हे ऐकून पलीकडे जो सुस्कारा पडतो, त्यासाठी पातेल्याचे दहा-बारा युरो काहीच नाहीत.

सकाळी सात वाजता

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नगरभवनापाशी वाद्यं वाजतात आणि सण जागा होतो. जुन्या वजनकाट्याच्या इमारतीत, म्हणजे ‘वाख’मध्ये, हेरिंग आणि पांढरा पाव वाटतात. कोणाला आणि कशी मिळते याचे नियम आयोजक संस्था आधी जाहीर करते, ते सप्टेंबरातच वाचून ठेवा. ही ‘३ ऑक्टोबर’ संस्था १८८६ पासून सण सांभाळते. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना असते, दुपारी मोठी मिरवणूक निघते, आणि गावभर जत्रा. पाळणे, तळणीचे पदार्थ, गर्दी, बिअर. आपल्या कुठल्याही उरुसात वाढलेल्या माणसाला पाळण्यांची रांग ओळखीचीच वाटेल.

पण सगळं गोड गोड होईल असं समजू नका. या गर्दीत एक क्षण असा येतोच, जेव्हा सगळे एक गाणं म्हणत असतात आणि तुम्हाला त्यातला एक शब्द कळत नाही. सगळ्यांच्या बाजूला आपापली माणसं असतात आणि तुम्ही एका हातात पाव घेऊन उभे. खोलीत जाऊन दार लावावंसं वाटतं. तसं वाटलं तर तासभर जा, चहा करा, परत या. सण आपला व्हायला एक वर्ष पुरत नाही. आपल्याला गणपती पहिल्या वर्षी कुठे कळला होता? आपण कडेवर होतो.

आणि लायडनला परक्यांची सवय आहे. इंग्लंडमधून धर्मासाठी परागंदा झालेले ‘पिलग्रिम’ लोक १६०९ पासून इथे राहिले, आणि त्यांच्यातले काही १६२० साली मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेला गेले. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगवर ३ ऑक्टोबरच्या आभाराच्या सणाची छाया असावी, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे इथे भाड्याने राहून गेलेली माणसंही इथला सण बरोबर घेऊन गेली असतील.

तुम्ही लायडनला न जाता आखेनला जाल, मेलबर्नला जाल, किंवा बेळगावहून दिल्लीला जाल. तिथे हुट्स्पॉट नसेल. पण गावाची म्हणून एक तारीख असेल, जी कॅलेंडरवर लाल छापलेली नसते. घरमालकाला विचारा, कँटीनमधल्या काकूंना विचारा, भाजीवाल्याला विचारा की इथे दुकानं कधी बंद असतात आणि का. आपला सण सोडायचा नाहीच. दिवाळीत कंदील लावा, फराळ करा, मजल्यावरच्या सगळ्यांना बोलवा. त्यांच्या पातेल्यातलं जेवलेले असाल तर ते बोलावणं देणंही सोपं जातं.

४ ऑक्टोबरला लेक्चर असेल. उरलेलं हुट्स्पॉट डब्यात भरा, वर लोणचं. पातेलं घासून ठेवा. पुढच्या वर्षी सप्टेंबरात नाशिकहून किंवा नांदेडहून कोणी नवीन येईल, उशीशिवाय झोपत असेल, कढई बीप करतेय म्हणून वैतागलं असेल. त्याला चुंबक द्या. आणि सांगून ठेवा, गाजरं आदल्या दिवशीच घे, उद्या सगळं बंद असतं.